रेडिओचा काटा आणि आमच्या दोन भाषा

‘सर, तुमचं मराठी फार छान आहे हो!’ हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकत आलोय. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, त्यामुळे राग धरता येत नाही. पण त्या कौतुकाच्या पोटात एक प्रश्न दडलेला असतो. माणूस मुसलमान, शिकला उर्दू माध्यमात, मग याला मराठी आलं कुठून? जणू मराठी आम्हाला बाहेरून मागवावी लागते. ज्या औशात मी जन्मलो तिथल्या कब्रस्तानात माझ्या पणजोबांच्याही आधीच्या पिढ्या झोपल्या आहेत. आमचा बाजार मराठीत, शेत मराठीत, भांडणंही मराठीतच.

तरीही तो प्रश्न अगदीच निरर्थक नाही. बाजारातलं मराठी वेगळं आणि बातम्यांचं, पुस्तकाचं मराठी वेगळं. ते दुसरं मराठी आमच्या घरात रेडिओतून आलं. आणि खरी गंमत पुढेच आहे. अस्सल उर्दूही आमच्या घरात त्याच खोक्यातून आलं. कारण आम्ही घरात बोलायचो ती दखनी. ‘चांद दिख्या क्या?’ म्हणणारी. उस्तादांच्या उर्दूत ती बसत नाही आणि गुरुजींच्या मराठीतही बसत नाही. म्हणजे शाळेत शिकवता येतील अशा माझ्या दोन्ही भाषांचा पहिला मास्तर एकच. आज मी त्याच दोन भाषा शिकवून पोट भरतो, तेव्हा या मास्तरांचं देणं लिहून काढायला हवं.

शिलाई मशीनच्या वरची फळी

अब्बांचं कपडे शिवायचं दुकान होतं. पायमशीन, कापायचं टेबल, उधारीची वही आणि भिंतीवरच्या फळीवर रेडिओ. दिवसभर तो चालू. अजान सुरू झाली की अब्बा उठून आवाज बंद करायचे आणि अजान संपली की पुन्हा लावायचे. सेल उतरले की ते काढून उन्हात ठेवायचं काम माझं. ऊन खाल्लेले सेल आणखी चार-पाच दिवस ओढत.

आमचं गाव अशा जागी आहे की काटा फिरवला की चार भाषा लागत. परभणी मराठीत, गुलबर्गा कन्नडमध्ये, रात्री हैदराबाद तेलुगूत आणि उर्दूतही. निजामाच्या जुन्या राज्याचे राज्यपुनर्रचनेत तीन तुकडे झाले, पण रेडिओच्या काट्यावर ते राज्य मला लहानपणी अखंड सापडायचं. सकाळी पुण्याहून प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की गिऱ्हाइकंसुद्धा गप्प व्हायची. संध्याकाळी परभणीचे शेतीचे कार्यक्रम. परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं होतं, त्यामुळे तिथून बोलणारी माणसं जाणकार असायची. तुरीवरच्या अळीपासून बाजारभावापर्यंत सगळं. अब्बांना शेत नव्हतं, पण पीक चांगलं आलं तर दिवाळीला आणि ईदला कपडे शिवून होणार, हा हिशेब पक्का होता. म्हणून तेही कान देऊन ऐकत. रात्री हैदराबादचा ‘नैरंग’ हा उर्दू कार्यक्रम, नाहीतर दिल्लीच्या उर्दू सर्व्हिसची ‘तामील-ए-इरशाद’ ही फर्माइशी गाणी.

उर्दू बातम्या सुरू होताना निवेदक ‘ऑल इंडिया रेडिओ’ म्हणायचा आणि मराठी-हिंदी बातम्यांत ‘आकाशवाणी’. लहानपणी मला ही दोन वेगवेगळी केंद्रं वाटायची. एकाच घराची दोन नावं आहेत हे पुढे कळलं.

कानाला लिपी दिसत नाही

शिक्षक झाल्यावर मला रेडिओची खरी किंमत कळली. उर्दू लिपीत ‘ळ’ नाही. त्यामुळे आमच्या शाळेतली मुलं ‘शाळा’ला ‘शाला’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात. फळ्यावर कितीही वेळा लिहून दाखवलं तरी ‘ळ’ जिभेवर येत नाही, तो कानातूनच यावा लागतो. मराठीतला ‘च’ तर त्याहून अवघड. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा. ‘थोडंसं’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘म्हातारपण’ या अर्थाची ‘जरा’ लिहायला सारखेच, बोलायला वेगळे. देवनागरी हा फरक दाखवत नाही. तो ऐकूनच शिकायचा. उलट बाजूलाही तेच. ‘क़लम’मधला क़ आणि ‘ख़त’मधला ख़ माझ्या मराठी मित्रांना पुस्तकातून कधीच आला नसता. गझला आणि जुनी गाणी ऐकून तो त्यांच्याही कानात बसला.

याचे दोन मोठे दाखले आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. मराठी घरातल्या लता मंगेशकरांनी उर्दू उच्चार नीट यावेत म्हणून उर्दूच्या शिक्षकाकडे धडे घेतले. पंजाबातून आलेल्या मोहम्मद रफींनी श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर मराठी गाणी गायली. ठाकरे स्वतः उर्दूचे जाणकार होते. एकीने उर्दू आपलीशी केली, दुसऱ्याने मराठी. आणि दोघांचेही आवाज आमच्या दुकानात त्याच फळीवरून येत. रफीसाहेबांच्या तोंडून मराठी गाणं ऐकताना अब्बा मशीनचा पाय थांबवायचे. ते काही बोलत नसत, पण त्या थांबण्याचा अर्थ मला आता कळतो. आपल्यातलाच एक माणूस आपलीच दुसरी भाषा बोलतो आहे, याचा तो आनंद असणार.

बुखारी बंधू आणि हिंदुस्तानीचं भांडण

रेडिओवर कोणती भाषा बोलायची, हे भांडण रेडिओइतकंच जुनं आहे. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. १९३६ साली तिचं नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ झालं. लायोनेल फील्डन हे तिचे पहिले प्रमुख. त्यांच्याबरोबर अहमद शाह बुखारी आणि झुल्फिकार अली बुखारी हे दोघे भाऊ होते. थोरले म्हणजे उर्दूतले विनोदी लेखक ‘पतरस’. या दोघांमुळे लोक रेडिओला थट्टेने ‘बीबीसी’, म्हणजे ‘बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ म्हणत.

बुखारींच्या काळात दिल्लीच्या केंद्रावर सआदत हसन मंटो, कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क अशी माणसं नोकरीला होती. मंटोने तिथल्या अल्प काळात डझनांनी नभोनाट्यं लिहिली. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हे युरोपातून मुंबईत आश्रयाला आलेले ज्यू संगीतकार. हे सगळं वाचताना मला वाटतं, त्या इमारतीत जेवणाच्या सुट्टीत किती भाषा कानावर पडत असतील!

पण बातमी कोणत्या भाषेत द्यायची? सरकारचं उत्तर होतं, हिंदुस्तानी. हिंदीवाले म्हणायचे, ही तर उर्दूच आहे. उर्दूवाले म्हणायचे, आमचे शब्द कापले जात आहेत. तोडगा म्हणून बातम्यांसाठी शब्दसंग्रह करायचं काम हिंदीचे स. ही. वात्स्यायन ‘अज्ञेय’ आणि उर्दूचे चिराग हसन हसरत यांच्याकडे दिलं गेलं. काम झालं, भांडण काही मिटलं नाही. अखेर हिंदी आणि उर्दू बातम्या वेगळ्या झाल्या. देशाची फाळणी व्हायच्या आधीच रेडिओवर भाषेची वाटणी झाली होती.

याच वाटणीच्या विरोधात एक बाई शांतपणे काम करत होत्या. मुंबईच्या कुलसुम सायानी. प्रौढ साक्षरतेचं त्यांचं काम मोठं. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिपी मात्र तीन, नागरी, उर्दू आणि गुजराती. या कामात हाताखाली होता त्यांचा धाकटा मुलगा अमीन. तोच पुढे अमीन सायानी म्हणून घराघरांत पोचला.

हा मुलगा रेडिओवर आला त्याची कथाही भाषेच्या आणि अभिरुचीच्या भांडणातूनच सुरू होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना चित्रपटगीतं हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती गाणी नाहीशी झाली. शेजारी सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली ट्रान्समीटर होता. श्रोत्यांनी काटा तिकडे वळवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी आकाशवाणीलाच माघार घ्यावी लागली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली.

अमीन सायानींची भाषा ऐका. ती ना अवघड हिंदी, ना अवघड उर्दू. ‘रहबर’ जे तीन लिप्यांत करू पाहत होतं, ते मुलाने लिपीशिवाय करून दाखवलं. मंत्र्यांना आणि विद्वानांना जे जमलं नाही, ते दर आठवड्याला गाण्यांच्या मधल्या चार वाक्यांत होत होतं. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले, तेव्हा मी वर्गात मुलांना त्यांच्या आवाजाची एक ध्वनिफीत ऐकवली. एका मुलीने विचारलं, ‘सर, ये हिंदी है के उर्दू?’ मी तिला म्हटलं, ‘हा प्रश्न तुला पडला, यातच त्यांचं यश आहे.’

चांदरातीची खबर

रमजानच्या २९ तारखेला आमच्या मोहल्ल्यात सगळ्यात महत्त्वाची वस्तू रेडिओ असायची. मराठवाड्यात ढग असले की चंद्र दिसायचा नाही. मग मगरिबनंतर मशिदीच्या पायरीवर माणसं जमत आणि रेडिओ कानाला लावून बसत. मुंबईत दिसला का? हैदराबादेत दिसला का? आत मौलवीसाहेब बसलेले. बाहेर कोणीतरी ओरडायचं, ‘हो गई ईद!’ तरी मौलवीसाहेब नगारा वाजवू देत नसत.

मला तेव्हा हा हट्ट वाटायचा. पुढे वाचलं तेव्हा त्यामागचा विचार कळला. ‘खबर’ आणि ‘शहादत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साक्ष देणारा माणूस समोर असावा लागतो, त्याला उलट प्रश्न विचारता यावा लागतो. रेडिओला तो विचारता येत नाही. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी तर आधुनिक साधनांविषयीच्या शरई हुकमांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. लाउडस्पीकर, रेडिओ सगळ्यांचा विचार त्यात आहे. उलेमांच्या चर्चेतून सर्वसाधारणपणे निघालेला मार्ग असा, की रेडिओवर कोणीतरी ‘चंद्र दिसला’ म्हणणं पुरेसं नाही. पण मान्य उलेमांच्या समितीने साक्षी घेऊन दिलेला निर्णय तिच्याच नावाने सांगितला जात असेल, तर तो मानता येतो.

आज मोबाइलवर दर मिनिटाला आलेली बातमी पुढे ढकलणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो. आपल्या बुजुर्गांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी विचारून ठेवलेला हा प्रश्न आहे: बातमी कोण देतंय आणि त्याने स्वतः पाहिलंय का?

निजामाचा आवाज आणि नंतरची शांतता

दादाअब्बांच्या आठवणीतला रेडिओ वेगळा होता. तो आमच्या घरातला नव्हता, गावातल्या एका वकिलांच्या वाड्यावरचा होता. हैदराबादेत ‘डेक्कन रेडिओ’ १९३५ सालीच सुरू झाला होता. औरंगाबादलाही निजाम सरकारचं केंद्र होतं. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची ६ केंद्रं आली आणि संस्थानांची ५ होती. त्यांतली ही २.

१७ सप्टेंबर १९४८ ला संध्याकाळी वाड्यावर गर्दी झाली. भारतीय फौजा १३ तारखेला आत शिरल्या होत्या. त्या संध्याकाळी निजाम मीर उस्मान अली खान स्वतः रेडिओवरून बोलले आणि शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं. दादाअब्बा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. ते सांगत, ‘बादशहाचं नाव आम्ही जन्मापासून ऐकत होतो, आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि तो हरल्याचं सांगायला आला होता.’ त्यांना शब्द आठवत नसत. आजूबाजूचे चेहरे आठवत. कुणाच्या चेहऱ्यावर सुटका, कुणाच्या चेहऱ्यावर भीती.

दोन्ही खरी होती. रझाकारांनी खेड्यापाड्यांतून केलेले अत्याचार आमच्या भागातल्या हिंदू घरांनी सोसले होते. त्यांना तो सुटकेचा दिवस होता आणि आजही १७ सप्टेंबरला मी शाळेत मुलांसोबत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करतो. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं ते कोणत्याही रेडिओने सांगितलं नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती त्याच वर्षाअखेरीस फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वांत जास्त हानी झाल्याचं तिने नोंदवलं. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

दादाअब्बा याबद्दल फारसं बोलत नसत. एवढंच म्हणत, ‘रेडिओ पे गाने बजते थे.’ मला इतिहास वाचताना या वाक्याची फार मदत झाली. एखाद्या काळात रेडिओ काय बोलला हे जसं पाहायचं, तसंच तो कशाबद्दल गप्प राहिला हेही पाहायचं. ज्यांच्यावर वेळ आली त्यांच्याबद्दल अवाक्षर न काढणारा आवाज पुन्हा आपला वाटायला एक पिढी जावी लागते. दादाअब्बांनी घरात रेडिओ घेतला तो १९७० च्या दशकात. त्याचा परवाना, म्हणजे टपाल कचेरीतून मिळालेलं ते छोटं पुस्तक, आमच्या पेटीत अजून आहे. वर्षाला १५ रुपये भरले की त्यात तिकीट चिकटवून शिक्का मारत. दादाअब्बांनी एकही वर्ष चुकवलं नाही. १९८० च्या दशकात सरकारने परवाना रद्द केला तरी ते पुस्तक त्यांनी फेकलं नाही. म्हणायचे, ‘राहू दे, कोणी विचारलं तर कागद असावा.’ आमच्या पिढीला कागदांची गोष्ट नव्याने कळली, त्यांना ती आधीच ठाऊक होती.

‘पाकिस्तान लागलंय का?’

उर्दू सर्व्हिसचा उल्लेख वर आला. दुकानात ती लागलेली असताना नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, ‘मास्तर, पाकिस्तान लागलंय का?’ अब्बा सुईत दोरा ओवता ओवता सांगत, ‘नाही हो, दिल्ली आहे.’ दिवसातून एकदा तरी हा संवाद व्हायचा. विचारणारा वाईट नसायचा. उर्दू म्हणजे पाकिस्तान हे समीकरणच त्याच्या कानात बसलेलं. यातला विरोधाभास असा, की दिल्लीची ही सेवा १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानच्या प्रचाराला उत्तर म्हणून उभी राहिली होती. भारत सरकारचा आवाज उर्दूतून सीमेपलीकडे जात होता आणि आमच्या बाजारात त्यालाच लोक पाकिस्तान समजत होते.

अब्बांनी यावर एक साधा उपाय काढला. ते आवाज थोडा वाढवत. गाणं ओळखीचं निघालं की गिऱ्हाईक गुणगुणायला लागायचं. ‘अरे, हे तर आपलंच गाणं!’ बहुतेक वेळा तेवढ्यावर विषय संपायचा. माझ्या मते उर्दूच्या बाजूने इतकी चांगली वकिली मी नंतर कुठल्या परिसंवादातही ऐकली नाही.

दहा महिन्यांतल्या दोन बातम्या

६ डिसेंबर १९९२ ला मी तेरा वर्षांचा होतो. बाबरी मशीद पाडल्याची बातमी आमच्या गावात बीबीसीवरून पोचली. रात्री बीबीसी उर्दूचं ‘सैरबीन’ लागायचं. लघुलहरींवरचा तो आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा, मध्येच खरखर. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. आत अब्बा, मी, शेजारचे किराणा दुकानदार काका आणि माझ्या शाळेजवळच्या मराठी शाळेतले एक गुरुजी. चौघंही त्या खरखरीत शब्द शोधत होतो.

माझे मामू तेव्हा धारावीत होते, कपडे शिवायच्या कारखान्यात. फोन नव्हता. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईच्या बातम्यांत मोहल्ल्यांची नावं यायची. डोंगरी, जोगेश्वरी, धारावी. अम्मी प्रत्येक नावाला दुपट्टा तोंडाशी धरायची. त्या दंगलींत सुमारे ९०० माणसं गेली. मामू वाचले आणि फेब्रुवारीत घरी आले. किराणावाले काका रोज रात्री यायचे आणि ‘मामांचं काही कळलं का?’ विचारायचे. ते मला सैरबीनइतकंच आठवतं.

त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास जमीन हलली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आम्ही सगळे अंगणात. उजाडल्यावर रेडिओ बाहेर आणून खाटेवर ठेवला. हळूहळू नावं यायला लागली. किल्लारी. सास्तूर. किल्लारी तर आमच्याच तालुक्यातलं! दिल्लीच्या बातम्यांत आमच्या तालुक्यातल्या गावाचं नाव यावं आणि ते अशा कारणाने. जवळपास आठ हजार माणसं गेली. मशिदीसमोर देगा चढल्या, मोहल्ल्यातली पोरं ट्रकमध्ये बसून ढिगारे उपसायला गेली. ज्या खाटेवर रेडिओ होता तिच्याभोवती त्या दिवशी किराणावाले काका, गुरुजी, अब्बा सगळे होते. डिसेंबरमध्ये उर्दूत ऐकलं होतं, सप्टेंबरमध्ये मराठीत. ऐकणारी माणसं तीच.

माझ्या दृष्टीने रेडिओचं मोल इथे आहे. त्याने आम्हाला एकाच बातमीभोवती बसवलं. बातमी कोणाच्या घरची आहे हे पाहून कोणी उठून गेलं नाही.

आता

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निर्णय दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. २००१ साली देशात खासगी एफएम सुरू झालं. पण खासगी केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ यांसारखी सामुदायिक केंद्रं आपल्या भागाची बोली बोलतात, हे चांगलंच आहे. बीबीसी हिंदीचं लघुलहरींवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं.

आता प्रत्येकाच्या खिशात रेडिओपेक्षा मोठं यंत्र आहे आणि प्रत्येकाच्या कानात वेगळी गुंडी आहे. माझ्या वर्गातली मुलं उर्दू ऐकतात तर फक्त उर्दू. पलीकडच्या शाळेतली मुलं मराठी ऐकतात तर फक्त मराठी. यंत्र त्यांना आवडेल तेच पुढे करत राहतं. पूर्वी परभणीहून हैदराबादकडे काटा सरकवताना मधली खरखर, कन्नड बातम्या, तेलुगू भजन हे सगळं वाटेत लागायचं. दुसऱ्याची भाषा ओलांडल्याशिवाय आपल्या भाषेपर्यंत पोचता येत नसे.

म्हणून मी वर्गात एक जुनाच खेळ चालवतो. उर्दूत त्याला इमला म्हणतात, मराठीत श्रुतलेखन. आठवड्यातून एकदा आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावतो आणि मुलं ऐकून लिहितात. दुसऱ्या आठवड्यात उर्दू बातम्या. सुरुवातीला पानभर खाडाखोड. महिन्याभराने ‘शाला’ची ‘शाळा’ होते. गेल्या वर्षी शेजारच्या मराठी शाळेतल्या बाईंनीही हा प्रयोग उचलला. त्यांची मुलं उर्दू बातम्या ऐकून देवनागरीत लिहितात. परवा आम्ही दोन्ही वर्गांच्या वह्या अदलाबदल करून तपासल्या. चुका भरपूर होत्या. त्यांच्या मुलांनी ‘ख़बर’चा नुक्ता विसरला होता आणि माझ्या मुलांनी ‘दुष्काळ’चा ळ. बातमी मात्र सगळ्यांना बरोबर कळली होती: लातूर जिल्ह्यात यंदा पाऊस कमी.